दुपारी लोडवर घरचा डीजी (डिझेल जनरेटर) तापून बंद पडतो: सेन्सर बदलण्याआधी काय काय मोजायचं

तक्रार ठरलेली असते. रात्री लाईट गेली की जनरेटर तीन-तीन तास बिनबोभाट चालतो. मे महिन्यात दुपारी दोन-अडीचला लाईट गेली, घरात दोन एसी लागले, की चाळीस-पन्नास मिनिटांत पॅनलवर हाय वॉटर टेम्परेचरचा लाल दिवा लागतो आणि इंजिन बंद. अर्ध्या तासाने स्टार्ट केला तर चालतो, आणि पुन्हा पडतो. मेकॅनिक येतो तो ऊन उतरल्यावर, संध्याकाळी सहाला. तेव्हा मशीन तासभर चालवून पाहिलं तरी दिवा काही लागत नाही. मग अंदाजाने सेन्सर बदलला जातो. पुढच्या खेपेला थर्मोस्टॅट (पाणी गरम झाल्यावरच रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढून ठेवतात, त्याच्या पुढच्या खेपेला कूलंट बदलतात. पैसे जात राहतात आणि पुढच्या मे महिन्यात तोच दिवा.

वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर या पट्ट्यात उन्हाळ्यात ही तक्रार इतकी येते की फोनवर पहिलं वाक्य ऐकलं की पुढचं मलाच सांगता येतं. अशा बऱ्याच घरी इंजिन ठणठणीत असतं. त्याला मिळणारी हवा बिघडलेली असते. पण हे नुसतं बोलून मालकाला पटत नाही आणि पटू नयेच. मोजून दाखवावं लागतं. ते मोजमाप कुणालाही घरी करता येतं, म्हणून सविस्तर लिहितोय. समोर धरलंय ते ७.५ ते १५ केव्हीएचं, १५०० आरपीएमचं, पाण्याने थंड होणारं, कॅनोपीतलं (आवाज दाबणाऱ्या पत्र्याच्या पेटीतलं) मशीन. एअर-कूल्डवाल्यांसाठी शेवटी थोडं आहे.

पाण्याचा नुसता आकडा फसवतो

"पाणी ९२ वर आहे, चालेल का?" या प्रश्नाला उत्तर नाही. बाहेर ४५ असताना पाणी ९२ असेल तर मशीन उत्तम आहे. बाहेर २४ असताना, डिसेंबरच्या सकाळी, त्याच लोडवर ९२ असेल तर हे मशीन मे महिन्यात घात करणार.

कारण असं. थर्मोस्टॅट एकदा पूर्ण उघडला की रेडिएटर बाहेरच्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनी वरच पाणी ठेवू शकतो. लोड तोच, फॅन तोच, रेडिएटरची जाळी तितकीच स्वच्छ, तर हा फरक हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात जवळपास सारखाच राहतो. बाहेरची हवा १५ अंशांनी चढली की पाणीही १५ अंशांनी चढतं. म्हणून लिहून ठेवायचा तो हा फरक: रेडिएटरच्या वरच्या टाकीचं तापमान वजा सावलीतल्या बाहेरच्या हवेचं तापमान. ६ किलोवॅट लोडवर फरक ५८ आला, तर बाहेर ४४ असताना पाणी १०२ होणार हे सकाळी सातलाच कळतं. दुपारपर्यंत उन्हात उभं राहायची गरज नाही.

एक अट मात्र पाळा. थर्मोस्टॅट पूर्ण उघडलेला हवा. त्याच्यावर उघडायला लागण्याचा आकडा कोरलेला असतो, मशीनप्रमाणे ७१, ७६, ८२ असा काही. त्यापुढे दहा-बारा अंशांनी तो पूर्ण उघडतो. पाणी त्याच्या खाली असेल तर थर्मोस्टॅट स्वतःच पाणी अडवून इंजिन गरम राखतोय, आणि तेव्हा काढलेला फरक खऱ्यापेक्षा जास्त दिसतो.

फरक इतका मोठा का असतो, याचाही हिशोब सोपा आहे. एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट ऊर्जा असते आणि घरगुती डीजी त्यातून ३ युनिटच्या आसपास वीज काढतो. उरलेली सगळी उष्णता. तिचा मोठा वाटा सायलेन्सरमधून जातो आणि तितकाच जवळपास पाण्याच्या वाटेने रेडिएटरकडे. म्हणजे घरात ६ किलोवॅट वापरताय, तर रेडिएटरलाही जवळजवळ ६ किलोवॅट बाहेर फेकायचे आहेत. हवा त्यातून जाताना १५ अंशांनी तापते असं धरलं तर सेकंदाला एक तृतीयांश घनमीटर हवा लागते. दहा बाय दहाच्या खोलीतली सगळी हवा हे मशीन दीड मिनिटात ओढून बाहेर टाकतं. ती येते कुठून आणि जाते कुठे, हे मशीन बसवताना किती जणांनी पाहिलेलं असतं?

काय लागतं

एक टेम्परेचर गन (न टेकवता तापमान सांगणारी), एक क्लॅम्प मीटर (वायरभोवती लावून अँपिअर मोजणारा), आणि सावलीत टांगायला साधा थर्मामीटर. मल्टीमीटरसोबत तापमान मोजायची वायर, म्हणजे के-टाईप थर्मोकपल, मिळाली असेल तर ती गनपेक्षा भरवशाची. ती होजच्या (रेडिएटरच्या रबरी पाईपच्या) तोंडाशी धातूवर टेपने घट्ट बसवा, वरून कापडाची घडी बांधा, आकडा खरा येतो.

गनबद्दल सावध राहा. ती चकचकीत धातूवर खोटं बोलते. पितळेची नवी टाकी, ॲल्युमिनियमचं थर्मोस्टॅट हाऊसिंग, स्टीलचा क्लॅम्प यांच्यावर पाणी ९५ असताना गन ५५-६० सुद्धा दाखवते, कारण तिची सेटिंग काळ्या, खरखरीत पृष्ठभागासाठी असते आणि चकचकीत धातू आजूबाजूच्या वस्तूंचंच प्रतिबिंब देतो. जिथे मोजायचं तिथे इंजिन थंड असताना काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा किंवा मॅट काळ्या रंगाचा ठिपका द्या, आणि दर वेळी तिथेच मोजा. दुसरी गोष्ट अंतराची. गनवर १२:१ लिहिलेलं असेल तर एक मीटरवरून ती ८ सेंटिमीटरचं वर्तुळ मोजते, लाल ठिपका कितीही बारीक दिसो. वीतभर अंतरावरून मोजा. कॅनोपीच्या खिडकीच्या काचेतून मोजलंत तर काचेचं तापमान मिळेल.

कपडे अंगाबरोबर असू द्या. ओढणी, लोंबता टॉवेल, सैल बाही यांना फॅन बेल्टजवळ जागा नाही. आणि गरम रेडिएटरचं झाकण कोणत्याही कारणासाठी उघडायचं नाही. आत पाणी दाबाखाली १०० च्या वर असू शकतं. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि त्यातलं काही पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. झाकण उघडायचं ते हात ठेवता येईल इतकं थंड झाल्यावरच.

लोड खरा द्या

नुसतं सुरू करून पाहिलेलं तापमान निरुपयोगी. लोडही असा हवा की जो तासभर हलणार नाही. एसी हा वाईट लोड आहे, कॉम्प्रेसर मनाने सुरू-बंद होतो. इन्व्हर्टर एसी तर आणखी लहरी. गिझर चांगला, पण त्याचा कट-ऑफ पडतो, म्हणून नळ थोडा सुरू ठेवावा लागतो आणि पाणी वाया जातं. मला सोयीची वाटते ती पाण्यात बुडवायची हिटर रॉड. दोनशे लिटरचा प्लॅस्टिकचा ड्रम भरायचा, आडव्या लाकडी दांड्यावर दीड-दीड किलोवॅटच्या दोन रॉड सोडायच्या, कडेला टेकू द्यायच्या नाहीत. तासाभरात पाणी बारा-तेरा अंशच तापतं, त्यामुळे लोड एकदाही तुटत नाही. अर्थिंग तपासून घ्या, मुलं-जनावरं लांब ठेवा, रॉड सुरू असताना पाण्यात बोट नाही. सोबत एक गिझर आणि इस्त्री लावली की ६ किलोवॅट सहज होतात.

दहा केव्हीएच्या मशीनवर ०.८ पॉवर फॅक्टरने ८ किलोवॅट हा पूर्ण लोड. सिंगल फेजला २३० व्होल्टवर आल्टरनेटरची मर्यादा ४३ अँपिअर. क्लॅम्प मीटर लावून अँपिअर लिहा. इथे एक गल्लत नेहमी होते: इंजिन तापतं ते किलोवॅटने, आल्टरनेटर तापतो अँपिअरने. पंप आणि जुने एसी अँपिअर जास्त ओढतात पण किलोवॅट त्या मानाने कमी. त्यामुळे एसीवर ३५ अँपिअर आणि रॉडवर ३५ अँपिअर यांत इंजिनाला रॉडचाच भार जास्त पडतो.

पॅनलवर फ्रिक्वेन्सी दिसत असेल तर तीही टिपा. मेकॅनिकल गव्हर्नरवर (इंजिनाचा वेग राखणाऱ्या यंत्रणेवर) रिकामं मशीन ५२ हर्ट्झच्या आसपास आणि पूर्ण लोडवर ५० च्या आसपास असायला हवं. ६ किलोवॅटवरच ४८ वर घसरत असेल तर तापमान नंतर बघू, आधी डिझेल फिल्टर आणि एअर फिल्टर. वेग पडला की फॅन आणि वॉटर पंपही हळू फिरतात, म्हणजे उष्णता फेकायची ताकद नेमकी हवी तेव्हाच कमी होते.

लोड लावल्यापासून दर दहा मिनिटांनी आकडे लिहा. लागोपाठ तीन नोंदींत पाणी एक अंशाच्या वर हललं नाही, म्हणजे तापमान स्थिर झालं. त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. आधी थांबलात तर मोजमाप अर्धवट.

पाच जागा

बाहेरची हवा, मशीनपासून दहा-पंधरा फुटांवर, सावलीत. कॅनोपीच्या आत शिरणारी हवा, लुव्हरच्या म्हणजे हवा आत घेणाऱ्या फटींच्या तोंडाशी. रेडिएटरची वरची टाकी किंवा वरच्या होजचं तोंड. खालच्या होजचं तोंड. आणि तेलाची चेंबर (इंजिनाच्या तळाची तेलाची टाकी), खालून, टेप लावलेल्या जागी. सहावी हौस म्हणून एक्झॉस्ट, त्याबद्दल पुढे.

हवेचं तापमान गनने येत नाही. गन समोरच्या पत्र्याचं तापमान सांगते. हवेसाठी थर्मामीटर किंवा थर्मोकपलच, त्यावर थेट ऊन पडायला नको.

आता एका घरचे आकडे देतो. वर्ध्याजवळचा बंगला, दहा केव्हीए, दोन सिलिंडर, थर्मोस्टॅट ७१ चा, वॉटर टेम्परेचर स्विच १०३ ला ट्रिप करणारा. सेन्सर आधीच बदलून झाला होता. सकाळी सातला ६ किलोवॅट लोडवर स्थिर झाल्यावर: बाहेर २९, लुव्हरशी ३५, वरची टाकी ८८, खालचा होज ८१. फरक ५९. बाहेर ४४ झाले की १०३, म्हणजे ट्रिपच. घरचे काका म्हणाले, "इंजिन म्हातारं झालं का हो भाऊ?" मी त्यांना ३५ चा आकडा दाखवला. बाहेर २९ आणि मशीन श्वास घेतंय ३५ ची हवा. हे सहा अंश आले कुठून?

मागे गेलो. रेडिएटरची गरम हवा जिथून बाहेर पडते त्याच्या समोर दोन फुटांवर मागच्या वर्षी कंपाऊंडची भिंत चढलेली, आणि पावसापासून वाचवायला भिंतीपासून कॅनोपीवर टिनाचं शेड ओढलेलं. गरम हवेला भिंत आडवी, वर टिन. ती कॅनोपीच्या दोन्ही बाजूंनी वळून पुन्हा लुव्हरमध्ये शिरत होती. उदबत्ती लावून लुव्हरपासून हातभर मागे धरली तर धूर बाहेरून नाही, मागच्या गरम बाजूकडून ओढला जाताना सरळ दिसला. सगळ्यांना पटायला तेवढं पुरलं.

टिनाचा मागचा पत्रा काढला, आणि गरम हवा सरळ वर जावी म्हणून रेडिएटरच्या तोंडापुढे जीआय पत्र्याचा वळणदार डक्ट केला, तोंडाच्या मापापेक्षा जरा मोठाच. लहान केला असता तर फॅनचाच गळा आवळला गेला असता. त्याच लोडवर दुपारी, बाहेर ४४ असताना: लुव्हरशी ४५, टाकी ९८. ट्रिप होत नव्हता, पण पाच अंशांची फट मला कमी वाटली. मग जाळी बाहेरून साफ केली आणि टाकी ९२ वर आली. फरक ४८. तोच लोड, तेच इंजिन, आत एकही पार्ट बदललेला नाही.

जाळी: बाहेरून स्वच्छ दिसते तीच फसवते

या मशीनमध्ये फॅन बहुतेक वेळा हवा ढकलतो. हवा आधी आल्टरनेटर आणि इंजिनावरून येते आणि मग रेडिएटरमधून बाहेर जाते. म्हणजे घाण जाळीच्या आतल्या, फॅनकडच्या बाजूला बसते आणि बाहेरून बघणाऱ्याला फिन्स चकचकीत दिसतात. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये सावरीची बोंडं फुटतात, तो कापूस उडून लुव्हरमधून आत जातो आणि जाळीवर गोधडी घालतो. त्यावर इंजिनाच्या तेलाचा ओलावा, त्यावर धूळ. जुन्या कॅनोपीत आवाज दाबायचा फोमही सडून त्याचे तुकडे तिथेच जाऊन बसतात. आतून टॉर्च लावा आणि बाहेरून पाहा. उजेड किती ठिकाणी आरपार येतो त्यावर जाळीची खरी अवस्था कळते.

साफ करताना हवा किंवा पाणी बाहेरून आत, म्हणजे चालत्या हवेच्या उलट दिशेने मारायचं. आल्टरनेटर आणि पॅनल प्लॅस्टिकने झाकून घ्यायचे. गाड्या धुवायचा प्रेशर पंप जवळून मारला तर फिन्स आडव्या होतात आणि काम बिघडतं. तेलकट असेल तर साबणाचं पाणी, पंधरा मिनिटं भिजू द्या, मग साधा पाईप.

दोन होज काय सांगतात

वरचा आणि खालचा होज यांतला फरक सहसा पाच ते दहा अंश असतो. आपल्या मशीनचा चांगल्या दिवसातला आकडा लिहून ठेवलेला असेल तर तपास निम्म्यावर येतो.

दोन्ही होज वर सरकलेत पण त्यांच्यातला फरक जुनाच आहे, तर पाणी नीट फिरतंय. हवेची बाजू बघा. लुव्हर, जाळी, बेल्ट, फॅन. फरकच वाढलाय, वर १०० आणि खाली ८०, तर पाणी कमी फिरतंय. पंपाचा इम्पेलर (पाणी ढकलणारं चक्र) झिजलाय, थर्मोस्टॅट अर्धा अडकलाय, किंवा रेडिएटरच्या नळ्या आतून बुजल्यात. बुजलेल्या नळ्या गनने पकडता येतात: जाळीवर वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे मोजत जा, एखादा पट्टा आजूबाजूपेक्षा बराच थंड लागला तर तिथून पाणी जातच नाही.

खालचा होज इंजिन वेगात असताना डोळ्यांनीही पाहा. पंप त्यातून पाणी ओढतो. आतली स्प्रिंग गंजून गेली असेल तर होज चपटा होतो आणि इंजिन बंद केलं की पुन्हा गोल. मेकॅनिक बंद मशीनवर पाहतो म्हणून हा दोष वर्षानुवर्षं सुटतो. उलट, मशीन रात्रभर थंड झाल्यावर वरचा होज चपटा झालेला दिसला तर झाकणातला आत हवा घेणारा छोटा व्हॉल्व्ह अडकलाय. झाकण बदला. ते झाकण क्षुल्लक नाही: ०.९ बारचं चांगलं झाकण साध्या पाण्याचं उकळणं ११८ अंशांपर्यंत लांबवतं. रबर गेलेल्या झाकणाखाली ते १०० लाच उकळतं, आणि महाबळेश्वरसारख्या उंचीवर ९५-९६ लाच.

बेल्ट दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबला तर दहा-बारा मिलिमीटर दबावा. आतून काचेसारखा चकाकत असेल तर ताण बरोबर असूनही गरम झाल्यावर घसरतो. आणि फॅन कधी काढून बसवला असेल तर तो उलटा तर नाही ना हे पाहा. उलटा बसवलेला फॅनही हवा त्याच दिशेला ढकलतो, फक्त बरीच कमी. म्हणून हात लावून वारा येतोय म्हणणाऱ्याला तो सापडत नाही.

कॅनोपीचं दार उघडून पंधरा मिनिटं चालवणं हीसुद्धा एक परीक्षा आहे. पाणी पाच-सात अंशांनी उतरलं तर हवा आत यायची वाट अपुरी आहे. काहीच फरक पडला नाही तर अडचण रेडिएटरमध्ये किंवा त्याच्या पलीकडे. पण हा इलाज नाही. दार उघडं ठेवून कायम चालवलं तर काही कॅनोपींत हवा आल्टरनेटरवरून न जाता मधूनच जाते आणि तो तापतो.

पाच मिनिटांत तापत असेल तर

वरचं सगळं हळूहळू चढणाऱ्या तापमानासाठी. लोड लावल्यावर पाच-सात मिनिटांतच काटा वर जात असेल तर ती वेगळी केस. पाणी कमी आहे, पंप फिरत नाही, थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय किंवा हेड गॅस्केट (सिलिंडर आणि हेड यांच्यातलं सील) गेलंय. गॅस्केटची खूण थंड इंजिनावर मिळते: झाकण काढून पाणी काठोकाठ भरा, स्टार्ट करा, पहिल्या मिनिटभरात पाण्यातून न थांबणारे बुडबुडे येतात का पाहा. झाकण लावलेलं असताना, इंजिन अजून कोमट असतानाच वरचा होज दगडासारखा टणक होत असेल तरी तेच. ऑइलची दांडी काढून पाहा, ताकासारखं पांढरट दिसलं तर आता गन ठेवा आणि मेकॅनिक बोलवा.

आणि दिवा लागून मशीन बंद पडलं, पण तुमच्या टेपवरचा आकडा ८५ च आहे, तर मग खरोखर सेन्सर किंवा त्याची वायर. असं होतं, फक्त सांगितलं जातं तितकं वारंवार नाही.

जे करून ठेवतात आणि करू नये

थर्मोस्टॅट काढून टाकणं. बायपास (रेडिएटर टाळून पाणी परत इंजिनात नेणारी वाट) असलेल्या इंजिनात थर्मोस्टॅट उघडला की बायपासची वाट बंद होते. तो काढलाच तर ती वाट कायम उघडी राहते, पाण्याचा एक भाग रेडिएटरला न जाता इंजिनातच गोल फिरतो, आणि भर लोडवर तापमान उलट वाढतं. शिवाय रात्री दोन पंखे-चार दिव्यांवर इंजिन कधी गरमच होत नाही, डिझेल अर्धवट जळतं, सायलेन्सरमधून काळं तेलकट गळायला लागतं.

सेन्सरची वायर काढून ठेवणं. याहून महाग बचत नाही. उलट एक गोष्ट ध्यानात ठेवा: पाणी गळून गेलं तर वायर जोडलेला सेन्सरसुद्धा वाफेत लोंबत राहतो आणि खरं तापमान सांगत नाही. म्हणून रोजची पहिली नजर पाण्याच्या पातळीवर.

बोअरचं पाणी भरणं. दख्खनच्या काळ्या दगडातलं पाणी जड, क्षाराचं. इंजिनात रोज थोडं थोडं टाकलं की लायनरच्या (सिलिंडरच्या आतल्या नळीच्या) बाहेरून पांढरा थर बसतो आणि तो उष्णता अडवतो. तेव्हा रेडिएटर स्वच्छ, पाण्याचं तापमान ठीक, आणि तरी आतलं धातू भाजत असतं; कुठलीही गन हे सांगणार नाही. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात. जास्त चांगलं म्हणून निव्वळ कूलंट भरू नका, पाण्यापेक्षा ते उष्णता कमी वाहून नेतं. क्षार काढायला संडास साफ करायचं ॲसिड ओतणारे लोक मी पाहिलेत. ॲल्युमिनियमचं हाऊसिंग त्यात विरघळतं, त्यानंतर पंपच गळायला लागतो.

पावसाळ्यात ताडपत्री. कोकणात, घाटमाथ्यावर मशीन भिजू नये म्हणून जून ते सप्टेंबर ताडपत्रीत गुंडाळलेलं असतं आणि लाईट गेली की तसंच सुरू करतात. बाहेर २६ अंश असतानाही ते तापून बंद पडतं आणि सगळे चक्रावतात. छप्पर उंच करा. मशीनला पांघरूण नको. आणि ताडपत्रीत अडलेला धूर खिडकीतून घरात शिरला तर तापमान हा छोटा प्रश्न ठरेल. डीजीचा धूर खिडकीपासून लांब, वर आणि मोकळ्यात सोडलेला असला पाहिजे.

तेलाचं तापमान आणि ऑइल प्रेशरचा दिवा

काही घरी पाण्याचा दिवा लागतच नाही, ऑइल प्रेशरचा लागतो, तोही फक्त दुपारी. इंजिन सुरू असताना चेंबर खालून मोजा. आतलं तेल गनच्या आकड्यापेक्षा थोडं जास्तच असतं. चेंबर ११५-१२० दाखवत असेल तर तेल इतकं पातळ झालंय की दाब पडतो आणि स्विच आपलं काम करतो. इथे प्रेशर स्विच बदलून काहीही होत नाही. तेलाची पातळी, ग्रेड आणि शेवटचं कधी बदललं ते पाहा, मग पुन्हा हवेच्या वाटेकडे वळा. तेल नवं, हवा चांगली, आणि तरी चेंबर ९५ असतानाच दाब पडतो, तर बेअरिंग किंवा ऑइल पंप.

एक्झॉस्ट

मॅनिफोल्डचं (सिलिंडरमधला धूर बाहेर नेणाऱ्या नळीचं) गंजलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, गनला छान दिसतं, तिथे टेप लागत नाही, आणि लावलीत तर जळेल. इथे आकड्यापेक्षा तुलना महत्त्वाची. दोन सिलिंडरच्या तोंडांशी, सारख्या अंतरावर मोजा. लोडवर एक ३१० आणि दुसरं ३०० असेल तर सोडून द्या. एक ३१० आणि दुसरं २३० असेल तर थंड सिलिंडरचा नोझल (डिझेल फवारणारा) किंवा कॉम्प्रेशन बघायला लागेल; तो सिलिंडर आपला वाटा उचलत नाही आणि दुसऱ्याला दोघांचं काम करावं लागतंय. दोन्ही नेहमीपेक्षा बरेच वर आणि धूर काळा, तर एअर फिल्टर, किंवा कुणीतरी सायलेन्सरला दोन एल्बो आणि बारीक पाईप जोडून तो गच्चीपर्यंत नेलाय. लांब न्यायचा असेल तर पाईप मोठा घ्यावा लागतो, हे प्लंबरला कोण सांगणार.

चाचणी संपली की लगेच बंद करू नका. लोड काढून तीन ते पाच मिनिटं रिकामं चालवा. पाणी फिरायचं थांबलं की हेडमधली उष्णता जागच्या जागी पाण्यात उतरते आणि बंद केल्यावर काही मिनिटं काटा वरच चढतो. ते पाहून घाबरायचं कारण नाही.

एअर-कूल्ड असेल तर

पाणी नाही, म्हणून फरक काढायचा तो सिलिंडर हेडवरून. नोझलजवळ हेडच्या बीडावर उष्णता सोसणाऱ्या रंगाचा मॅट काळा ठिपका द्या आणि दर वेळी तिथेच मोजा. बाहेरच्या हवेशी फरक, सिलिंडर-सिलिंडरमधली तुलना, स्थिर लोड, सगळं तसंच. आकडा कंपनीच्या पुस्तकाशी ताडून पाहा, प्रत्येक इंजिनाचा वेगळा असतो. या इंजिनांत मी सगळ्यात आधी बघतो ते फॅनपासून सिलिंडरपर्यंत हवा नेणारं पत्र्याचं आवरण. नोझल काढताना ते सोडवतात, दोन बोल्ट हरवतात, एक पत्रा आवाज करतो म्हणून कोपऱ्यात ठेवला जातो. मग फॅनची हवा फिन्समधून न जाता त्या फटीतून निघून जाते आणि लांबचा सिलिंडर जवळच्यापेक्षा तीस-चाळीस अंश जास्त दाखवतो. असा आकडा मिळाला तर शेडच्या कोपऱ्यात तो पत्रा शोधा. बहुतेक तिथेच डिझेलच्या कॅनमागे असतो.